चार जोड्या जादा

“अर्धी मिशी!” थोरल्या साडूनं चहाचा कप टेबलावर आपटला. “ज्याच्या मशीनमधून आधी सरळ पत्रा निघेल, तो जिंकला. हरेल त्यानं चौकात, सगळ्यांसमोर अर्धी मिशी उतरवायची.”

“कबूल!” धाकटा साडू म्हणाला. त्यानं पैज नीट ऐकलीही नव्हती. थोरला पत्रे बनवायचं मशीन घेतोय, एवढंच कानात शिरलं होतं आणि तिथंच अडकून बसलं होतं. समोरच्या न्हाव्यानं साक्षीदार म्हणून दोघांच्या मिशा बोटांनी मापून घेतल्या.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दुकानं भिंतीला भिंत लावून. धंदाही एकच, छपराचे पन्हाळी पत्रे. दोघंही ते बाहेरून आणून विकायचे. थोरल्याच्या पाटीवर एक दिवा लागला की धाकट्याच्या पाटीवर तीन लागायचे. थोरल्याला सर्दी झाली तर ह्याला ताप यायचा.

त्या दिवशी धाकट्याच्या घशाखाली घास उतरेना.

“अहो, पण भाऊजींच्या दुकानात मशीन मावणार कुठं?” बायकोनं विचारलं. “तिथं माणसाला वळायला जागा नाही.”

“भिंत पाडतील. माझ्या छातीवर नाचायचं म्हटल्यावर तो माणूस काय वाट्टेल ते करेल.”

“ताई तर म्हणत होती की…”

“ताईचं नाव काढू नकोस!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं पत्र्याची मशीनं आणि त्यांचे रोल बनवणाऱ्या कारागिराचा कारखाना गाठला. कारागीर लेथवर वाकला होता.

“साडूभाऊ येऊन गेले?”

“गेले की. बारा जोड्या रोल सांगितलेत. उत्तम पोलाद, भट्टीत कडक केलेलं, वरून क्रोमचा मुलामा.”

“आणि मशीन?”

कारागीर खोकला. “ते सांगायचं नाही, असं ठरलंय.”

झालं! धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लपवतोय म्हणजे काहीतरी जंगीच असणार. “मला मशीन पाहिजे. दांडे-बिंडे सगळे त्यांच्याच रोलच्या मापाचे, पण चार जोड्या जादा. सोळांचं! मोटर मोठी. रंग लाल. रस्त्यावरून दिसलं पाहिजे.”

“बरं. आणि रोल कसले घालू?”

“स्वस्तातले घाला. ते आत असतात, कोण बघतंय?”

“अहो, मशीन नुसतं फिरवतं. वाकवतात ते रोल. एकेक जोडी पत्र्याला जरा जरा मुडपत पुढं ढकलते. रोल कच्चे असले की पत्रा रुसतो.”

“तुम्ही रंगाचं बघा.”

मशीन आलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लालेलाल. थोरला बघायला आला. म्हैस विकत घेणारा पाठीवरून हात फिरवतो, तसा त्यानं मशीनवरून हात फिरवला. “झकास आहे हो,” म्हणाला. धाकट्याची छाती गजभर फुगली. थोरल्याचं मशीन अजून आलंच नव्हतं. पैज खिशात होती!

रविवारी अख्खा चौक गोळा झाला. धाकट्यानं बटण दाबलं. सपाट पत्रा आत गेला आणि पिळलेल्या धुण्यासारखा बाहेर आला. दुसऱ्याच्या कडेला फ्रॉकची झालर. तिसरा मांजरानं ओरबाडल्यासारखा.

“छपराचं राहू द्या,” गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “घसरगुंडी फर्मास होईल!”

सगळे खिदळले. धाकट्याचे कान मशीनपेक्षा लाल झाले. तेवढ्यात थोरला हातगाडी ढकलत आला. गाडीवर लाकडी पेटी, पेटीत चकचकीत बारा जोड्या.

“हे लावून बघा.”

“म्हणजे तुम्ही जिंकणार!”

“मी कसा जिंकणार? पैज मशीनची होती. माझ्याकडे मशीन कुठंय? मी घेतलंच नाही. नुसते रोल घेतले. पत्रा सरळ निघाला तर तुम्हीच जिंकलात. फक्त एक करा, सोमवार ते बुधवार मशीन मला चालवू द्या.”

धाकट्यापर्यंत बुधवार पोचलाच नाही. त्याच्या डोळ्यांपुढं थोरल्याची अर्धी मिशी नाचत होती.

“कबूल!”

कारागिरानं दुपारभर खपून रोल बदलले. ते दांड्यांवर अंगठीसारखे बसले. बसणारच, मापच त्यांचं होतं. आणि पहिलाच पत्रा निघाला तो फूटपट्टीसारखा सरळ. बारा जोड्या काम करत होत्या. जादाचे चार दांडे मागं रिकामेच गरगरत होते.

चौकात खुर्ची मांडली. थोरला हसत हसत येऊन बसला. न्हाव्यानं फेस लावला, वस्तरा फिरवला, अर्धी मिशी गुल.

“लाज नाही वाटत, साडूभाऊ?” धाकट्यानं मिशीला पीळ देत विचारलं.

“कसली लाज? अर्ध्या मिशीत अर्धा आठवडा मशीन मिळालं! मिशी महिन्याभरात उगवेल. मशीन कुणाच्या अंगणात उगवलंय का?”

चौक हसून हसून लोळायचा बाकी राहिला. कुणी थोरल्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी फोटो काढले, कुणी चहा मागवला. खुद्द धाकट्याची बायको म्हणाली, “भाऊजी, ह्या बाजूनं तर तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता!”

धाकटा जिंकला होता. अख्ख्या मिशीनिशी एकटाच कडेला उभा होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

दोन मिनिटं त्यानं कळ काढली. मग गर्दीत घुसला, थोरल्याला दंडाला धरून उठवलं आणि धपकन खुर्चीत बसला.

“त्यांची अर्धी ना?” तो न्हाव्याला म्हणाला. “माझी पूर्ण उतरव.”