पुढच्या टप्प्यात

मास्तर बोलायला उभे राहिले तेव्हा सिस्टरना वाटलं, आता हे आपल्या लेकीचं तोंड भरून कौतुक करणार.

रुग्णालयाच्या नव्या प्रसूती विभागाची ही शेवटची बैठक होती. व्यासपीठावर लेक, या कामाची व्यवस्थापक. समोर पहिल्याच रांगेत रुग्णालय चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष.

सिस्टरनी इथेच परिचारिका म्हणून उभा जन्म काढला होता. खाटा नाहीत म्हणून वऱ्हांड्यात पडदा धरून बाळंतपणं केली होती. नव्या विभागाचा पाया घातला त्याला वर्षं लोटली, पण इमारत काही वर येईना. कुणाला कारंजं हवं, कुणाला औषधांचं दुकान. ‘एवढंच तर आहे’ म्हणत जो तो भर घाली, आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून. दोन व्यवस्थापक हात टेकून निघून गेले.

मग लेक आली. आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना विचारून काय हवं, काय नको ते तिने ठरवलं. आज त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. यापुढे कुणाला काही सुचलं तर ते पुढच्या टप्प्यात. सिस्टरनी हे आधीच सगळ्या वॉर्डांत सांगून टाकलं होतं. त्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

मास्तरांनी घसा खाकरला. बाळंतिणीच्या माणसांना ऊन-थंडीत बाहेर ताटकळावं लागतं, त्यांच्यासाठी एक खोली हवी, असं ते म्हणाले. वर्गात शिकवावं तसं, सावकाश. मग त्यांनी एका बापाची गोष्ट सांगितली. आतलं रडणं ऐकू यावं म्हणून तो खिडकीखाली भिंतीला कान लावून उभा होता. तो बाप कोण, हे सिस्टरना चांगलंच ठाऊक होतं. मागे कुणीतरी डोळे टिपले.

लेकीने समोरचा पेला उचलला. तिने पाण्याचा घोट घेतला.

“सर, मागणी रास्त आहे,” ती म्हणाली. “पण खोली घेतली तर खाटा लांबणीवर पडतील. पुढच्या टप्प्यात बघू.”

“एकच तर खोली.”

“एकसुद्धा नाही.”

मास्तर मटकन खाली बसले.

त्यांच्यानंतर अध्यक्षांची पाळी होती. इमारतीवर आपल्या वडिलांच्या नावाचं सभागृह चढवायचं त्यांच्या मनात आहे, हे गावभर झालं होतं. ते अर्धवट उठले, मास्तरांकडे बघितलं, आणि आपलं काही म्हणणं नाही असं सांगून बसले. मग बाकीचेही गप्पच राहिले. बाहेर पडताना कुणीतरी पुटपुटलं, बापालाही सोडलं नाही, तिथे आपली काय कथा.

टॅक्सीत मास्तर काचेकडे तोंड करून बसले. रुमाल तोंडाशी होता आणि खांदे हलत होते. सिस्टरनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आयुष्यभर शेकडो बापांना धीर दिला, आज स्वतःच्या नवऱ्याला काय म्हणावं ते सुचेना.

घरी त्यांनी लेकीला फैलावर घेतलं. “जगाला नाही म्हण. पण जन्मदात्याला, चार माणसांत?” लेक मान खाली घालून म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा. सिस्टरचा राग खरा होता. त्याच्या तळाशी अभिमानही होता, पण तो त्यांनी दिसू दिला नाही.

त्यानंतर घरात कामाचा विषयच निघेना. बाप-लेक कधी एकत्र बसलेले दिसत, पण सिस्टर आत आल्या की दोघांची बोलती बंद. एवढं मनाला लावून घ्यायचं का, असं त्या मास्तरांना एकदा म्हणाल्या. मास्तरांनी वर्तमानपत्र वर केलं.

विभाग ठरल्या दिवशी उभा राहिला. ठरलं होतं ते सगळं होतं, त्यापलीकडे वीटही नव्हती. उद्घाटनाच्या दिवशीच नव्या खोलीत पहिलं मूल जन्माला आलं. त्याचं रडणं बाहेर ऐकू आलं आणि सिस्टर भिंतीला टेकल्या. वऱ्हांड्यातला पडदा आता कुणालाच धरावा लागणार नव्हता.

अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, इतकी नाकासमोर चालणारी व्यवस्थापक आपण पाहिली नाही, मंडळाच्या नव्या शाळेचं कामही हिच्याच हाती. टाळ्या थांबेनात. मास्तर सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत राहिले. सिस्टरचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा सल आजच काढायचा, असं त्यांनी ठरवलं.

चहाचं निमित्त करून त्यांनी बाप-लेकीला एका रिकाम्या खोलीत बसवलं. पेले घेऊन परतल्या तेव्हा दार लोटलेलं होतं. आत लेक हलक्या आवाजात बोलत होती.

“शाळेच्या बैठकीत एवढं पटण्यासारखं काही मागू नका हं, बाबा. या वेळी माझ्या तोंडून ‘हो’ निघता निघता राहिलं.”