बिस्किटी चिनो

पाण्याचा तांब्या खाली ठेवायला उकंडराव वाकले आणि त्यांची नजर गोलूच्या घोट्यांवर थांबली.

जानरावांच्या ते लक्षात आले. गोलूच्या आले नाही. तो खुर्चीत ताठ बसला होता. अंगात बिस्किटी रंगाची चिनो पँट, घोट्याच्या वर नीट दुमडलेली. पायात तपकिरी बूट, मोजे नाहीत. पांढरा शर्ट खोचलेला, पट्टा बुटांच्याच रंगाचा. केनवडला मुलीकडच्यांच्या बैठकीत आपला पोरगा बँकेतल्या साहेबासारखा दिसतो आहे, असे जानरावांना मघापर्यंत वाटत होते.

सकाळी अनसिंगला घरी त्याला संस्कृतीने सजवले होते. संस्कृती त्याची धाकटी बहीण. पँटची इस्त्री तिची, दुमडही तिचीच.

"पायमोजे तरी घाल रे," जानराव म्हणाले होते. "पोरगी पाहाले चाल्ला का नाल्यात उतराले?"

"चिनोवर मोजे दिसू देत नाहीत बाबा. घोटाच दिसला पाह्यजे," संस्कृती म्हणाली आणि तिघेही हसले. जानरावांची बायको गोजराबाई गेल्यापासून त्या घरात कोणी हसले नव्हते. आईमागे चूल संस्कृतीकडे आली होती. पहाटे दोन पुरुषांच्या भाकरी थापून ती वाशीमची बस धरायची. नर्सिंगचे पहिलेच वर्ष होते. भाकरींत उशीर झाला की बस चुकायची आणि वर्ग बुडायचा. भाकरी टाकून बस धरली तर जानराव कालचे शिळे खायचे.

"वहिनी आणून देतो तुले," निघताना गोलू तिला म्हणाला होता. "मंग तू होस्टेलवर राह्य अन् शीक."

जानराव त्यासाठीच हिंडत होते. पोरगा शेती करतो म्हटले की पुढचे बोलणेच होत नसे. काही घरांनी तर पाणीही विचारले नाही. म्हणून या वेळी सोयरीक जुळवणाऱ्याने पोरगा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे असे सांगून टाकले. जानराव गप्प राहिले.

"शोरूममंदी काय काम असते तुमाले?" उकंडरावांनी विचारले.

"सेल्सचं," गोलू म्हणाला.

"बरं. अन् शोरूममंदी सोयाबीन कोण पेरते?"

गोलूला कळले नाही. उकंडरावांनी बोटाने दाखवले. दोन्ही घोट्यांभोवती काळ्या ओरखड्यांचे कडे पडले होते. काढणी झालेल्या सोयाबीनच्या वावरातून चालले की धसकटे तिथेच लागतात. बाकीचे अंग नव्या कपड्यांनी झाकले होते. नेमके तेवढेच उघडे राहिले होते.

गोलूने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"वावर हाय आमचं," जानराव म्हणाले. "तो अन् मी करतो. खोटं सांगितलं भाऊ. आमी निघतो."

"बसा ना. कोन उठा म्हनलं तुमाले?" उकंडरावांनी आत हाक मारली. "अंकुश, जरा बाहेर ये."

त्यांचा मोठा पोरगा बाहेर आला. तोही कुठेतरी जायच्या तयारीत होता. बिस्किटी चिनो, घोट्याच्या वर दुमडलेली. मोजे नाहीत. घोट्यांवर तेच कडे. दोघे पोरगे एकमेकांच्या पायांकडे पाहत राहिले.

"आज दुपारी त्याले रिसोडले पोरगी दाखवाले न्यायचं हाय," उकंडराव म्हणाले. "याचं मेडिकल दुकान हाय म्हनून सांगतो आमी."



वैष्णवी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. बश्या ठेवताना तिने भावाकडे पाहिले, गोलूकडे पाहिले, आणि आत गेली. दाराआड तिच्या बांगड्या वाजल्या आणि तिथेच थांबल्या.

"शेतकऱ्याले मी पोरगी देतो, जानरावभाऊ," उकंडराव म्हणाले. "मी काय साहेब हाय का? पन माह्यं पोट्टं तसंच राह्यलं तं तिची आई जगू देनार नाही मले. तुमच्या घरी पोरगी हाय असं आयकलं. साटंलोटं करू. माही वैष्णवी तुमच्या घरी, तुमची आमच्या घरी. एकाच मांडवात दोन्ही. कोनाचं देनं नाही, कोनाचं घेनं नाही."

"ती शिकून राह्यली," जानराव म्हणाले.

"शिकली तेवढं बस झालं ना. इथं गोठा हाय, माह्या बायकोचे गुडघे गेले. आमालेबी घरात बाईमानूस पाह्यजेच." उकंडरावांचा आवाज चढला नाही. ते बाजारात बोलावे तसे सरळ बोलत होते. "साटं नाही तं मंग हे बी नाही. पोहे खा."

जानरावांनी बशी उचलली नाही. संस्कृतीसाठी वहिनी शोधायला ते आले होते आणि तिच्याच बदल्यात ती मिळत होती. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडले. मग थांबले. हे गोलूने म्हणावे असे त्यांना वाटले. भाऊ आहे तो. त्यांनी त्याच्याकडे पाहिले.

गोलूने मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, उन्हाळ्यात तिची परीक्षा हाय."

जानरावांच्या छातीवरचे ओझे उतरले. पोरगा आईवर गेला आहे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठायला खुर्चीच्या दांडीवर हात टेकला.

गोलू उठला नाही. त्याने दाराकडे एकदा पाहिले.

"परीक्षेपर्यंत थांबतीन का," तो म्हणाला, "इचारा त्यायले."