बाण सरळ दाखवतो

उपग्रहांनी माणसाची कायमची सुटका केली आहे. निदान कुठलाही पत्ता विचारा, 'स्वल्प मुंदे', म्हणजे 'थोडं पुढं', एवढंच सांगणाऱ्या बंगळूरकरांपासून तरी, असं गिरीराजचं मत. सत्त्याण्णव साली अमेरिकेहून मागवलेलं जीपीएस यंत्र त्यानं बुलेटच्या हँडलला बांधलं आणि लडाखच्या मोहिमेची रंगीत तालीम म्हणून भाचीच्या लग्नाला बंगळूरजवळच्या आनेकलला निघाला. मुहूर्त अकराचा, नवरीला मंडपात मामानं न्यायचं. मागच्या सीटवर मी, त्याचा मित्र, इस्त्रीच्या धोतरात.

"अण्णा, बसनं चला की," त्याचा धाकटा भाऊ गुंडू म्हणाला.

"बस रस्त्यानं जाते रे. हे सरळ नेतं."

यंत्रात नकाशा नव्हता. एक बाण आणि अंतर, बस्स. साडेदहाला आम्ही सरळ एका तळ्याशी पोचलो. तळं कसलं, कारखान्यांच्या मोऱ्यांचा काळा लगदा. बाण पलीकडे.

"चारशे मीटर," गिरीराज म्हणाला.

"त्या शेळ्यावाल्या अक्कांना विचार तरी."

"विचारायचंच असतं तर हे कशाला आणलं?"

त्यानं बुलेट आत घातली. चाक रुतलं, बुलेट आडवी झाली आणि एका फुगलेल्या उंदरासकट तो लगदा माझ्या कमरेपर्यंत आला. बुलेट ओढता ओढता अकरा वाजत आले आणि पलीकडून मंगलाष्टका ऐकू येऊ लागल्या. यंत्र अजून चारशेच मीटर दाखवत होतं.

नवरीला गुंडूनं नेलं. बस मंगल कार्यालयाच्या दारातच थांबते. कार्यालयाची जागा यंत्रात साठवायला गिरीराज आठ दिवसांपूर्वी त्याच बसनं गेला होता.