दोरीवरचं लाल ब्लँकेट

खोऱ्यात एकटी राहणाऱ्या व्हर्नामावशीचा टीव्ही बंद पडला की ती अंगणातल्या दोरीवर लाल ब्लँकेट टाकायची, चित्र आलं की काढायची. फोन तिथे लागत नसे. काल ब्लँकेट दिसलं, म्हणून टीव्हीचं प्रक्षेपण सांभाळणारे गावचे दोन बिनपगारी म्हातारे, डेलबर्ट आणि हार्लन, आज बर्फ तुडवत डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यापाशी पोचले. अँटेनावर बर्फ नव्हता, यंत्राचा हिरवा दिवाही जळत होता. तरी डेलबर्टनं सगळ्या जोडण्या उघडून पुन्हा आवळल्या आणि खाली मावशीच्या अंगणाकडे दुर्बीण लावली. ब्लँकेट तसंच. “काढ की गं बाई आता!” तो पुटपुटला. “मालिका सोडून उठतेय होय ती!” हार्लन हसला. दुपारपर्यंत केबलही बदलून झाली. मग डेलबर्टनं दुर्बीण जराशी वर, छपराकडे नेली. “हार्लन, एवढ्या थंडीत धुराड्यातून धूर नाहीये रे.” टीव्ही बंद पडलाच नव्हता. हाक मारायला तिच्यापाशी तेवढं एक ब्लँकेटच होतं.