मास्तरचा हात

पुंडलिक मास्तरने हात वर केला आणि अख्खा बँड थांबला. दिनानाथचा सॅक्सोफोन तेवढा चालूच.

हात वर म्हणजे बंद, हात खाली म्हणजे सुरू. पेणच्या या बँडात एवढंच शास्त्र होतं, आणि ते ढोलवाल्या पोपटलाही पाठ होतं. दिनानाथला ठाऊक असून उपयोग नव्हता. तो डोळे मिटून वाजवायचा. मुंबईच्या हॉटेलात जाझ वाजवायचा म्हणे, स्वतःच्या चाली बांधायचा. हॉटेलवाल्यांनी त्याला का सोडलं असेल, हे मास्तरला दर लग्नात नव्याने कळायचं.

"वरात झकास नाचत होती. मधीच गाणं सोडून कुठं गेलास?"

"इथंच होतो. जरा लांबून आलो."

"लांबून. आणि नवऱ्याची मावशी एक पाय उचलून तशीच उभी, तिचं काय?"

यावर दिनानाथ विचारात पडला, हे तर मास्तरला अजिबात सोसवेना.

धरमतरच्या खाडीकाठच्या या गावात मोसमात अजून दोन लग्नं होती. त्या सुपाऱ्यांवर बँजोवाले टपून बसलेले. पंचाण्णव साली ब्रास बँड मागणारी गावं उरली होती किती?

"मांडवात सगुणाबाय धवला म्हणेल. ती गाते तेव्हा बँडने सूर काढायचा नाय. काढलास तर उद्यापासून धाटावला कंपनीत शिफ्ट बघ."

दिनानाथने मान हलवली. त्याची मान कशालाही हलायची.

वरात मांडवात शिरली. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी सगुणाबाय पुढे बसली होती. तिने तोंड उघडलं, मास्तरने हात वर केला, बँड थांबला. पहिली ओळ संपवून ती दम घ्यायला थांबली आणि तेवढ्या फटीत सॅक्सोफोन शिरला.

सगुणाबायने मान वळवून पाहिलं. मांडवानेही. दोन्ही सुपाऱ्या मास्तरच्या डोळ्यांदेखत बँजोवाल्यांकडे चालू लागल्या. तो दात खाऊन दिनानाथकडे वळला.

"ऱ्हाऊ दे त्याला," सगुणाबाय म्हणाली. "इतकी वर्सा मी एकलीच गातंय. आज कोनी जवाब दिला."

पुढची ओळ तिने मुद्दाम वाकडी नेली. सॅक्सोफोन मागोमाग वळला. मग तिनेही डोळे मिटले.

मास्तरचा हात भरून आला. तो हळूच खाली घेऊ लागला, तशी पोपटने ढोलाची काठी उचलली.

मास्तरने हात पुन्हा ताठ वर केला.