पडद्यावरची टीप

पाणीपुरवठा खात्यातले अभियंता साहेब पंपांना घाबरत नसत, माणसांना घाबरत. शहराची जुनी पाइपलाइन बदलण्याचा त्यांचा प्रस्ताव महापालिकेच्या समितीने दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा तरी ततपप होऊ नये म्हणून बायकोने प्रत्येक स्लाइडखाली त्यांच्यासाठी टिपा टाइप करून दिल्या. "मेन्यूत जाऊन फक्त 'स्लाइड शो' दाबा. टिपा तुम्हालाच दिसतील, त्यांना नाही," असं तिने चारदा बजावलं.

सभागृहात समितीसमोर त्यांनी लॅपटॉप उघडला. मेन्यूत गडबड झाली, 'व्ह्यू' उघडलं आणि 'नोट्स पेज' दाबलं गेलं. मोठ्या पडद्यावर स्लाइड आकसून वर गेली आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरं उमटली : "घाबरू नका. समोरच्यांनाही यातलं काही कळत नाही. ते नुसत्या माना हलवतात."

ते पान बंद कसं करायचं, हेही अभियंत्यांना आठवेना. अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला, मजकूर सावकाश, मोठ्याने वाचला आणि सदस्यांकडे पाहिलं. सदस्य घाईघाईने कागद चाळू लागले.

"साहेब, तो लॅपटॉप मिटा आणि इकडे येऊन बसा," बाई म्हणाल्या. "प्रस्ताव दोनदा परत पाठवला, तो वाईट होता म्हणून नाही हो. कळला नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून. आता पहिल्यापासून सांगा, व्हॉल्व्ह म्हणजे नेमकं काय असतं?"