चौकशी केली जाईल

"सत्य स्वयंभू असतं, गिरधरभाऊ. ते कोणी सांगितलं, हे बातमीत लिहायचं नसतं," प्रभाकर गंभीरपणे म्हणाला. हे सत्य बहुधा तहसील कचेरीसमोरच्या चहावाल्याकडून आलेलं असे. पण तेही लिहायचं नसतं.

गिरधर पाटलाने मान डोलावली. बहादरपूरहून सायकलला केळीचा घड बांधून तो बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात प्रभाकरच्या भाड्याच्या खोलीत आला होता. म्हणजे काम मोठं होतं.

"म्हनूनच तर आलो, मास्तर. आमच्या विमलसाठी एक ठिकान आलंय. इच्छापूरचं. शालिग्राम पाटलाचा पोरगा, अरविंद. जरा चौकशी करून लिहून द्या. इंग्रजीतच लिहा. मराठीत लिहिलं की भाऊबंद आधी वाचतात."

प्रभाकरने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

तो शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकाला बातम्या पाठवायचा. साल छप्पन्न. बुऱ्हाणपूर कोणत्या राज्यात जाणार, याचा गावाला घोर लागला होता. प्रभाकर लिही, 'इट इज रिलायबली लर्न्ट', म्हणजे विश्वसनीयरीत्या असे समजते, की तालुका मुंबईकडे जाणार. पुढच्या आठवड्यात लिही, असे समजते की इथेच राहणार. त्याला कोणी खोटं पाडू शकत नसे, कारण तो काही म्हणालेलाच नसे. नुसतं समजलेलं असे.

विमलची मॅट्रिकची शिकवणी त्याने बहादरपूरला जाऊन केली होती. ती पास झाली, शिकवणी संपली, तरी त्याची सायकल त्याच रस्त्याला लागायची. तिला सांगायचं एकच वाक्य त्याच्याकडे होतं. पण त्या वाक्याची सुरुवात 'मी'पासून होत होती, म्हणून ते राहून गेलं. तिची आई गोदाबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती, "मास्तरांनी आता घर मांडावं बा." त्यावर तो म्हणाला होता, "तसा विचार होऊ शकतो." आणि चहा पिऊन निघून आला होता.

दुसऱ्या दिवशी बहादरपूरला विमल ओट्यावरच भेटली.

"सर, बाबांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"हो. चौकशी केली जाईल."

"कोण करणार?"

"केली जाईल."

"रविवारी इच्छापूरला तुम्ही स्वतः जाल ना?" तिने नजर वर न करता विचारलं. "दुसऱ्याच्या सांगण्यावर नका लिहू. एवढं एकच काम करा माझं."

रविवारी तो मोटार स्टँडवर गेला. इच्छापूरची गाडी उभी होती, कंडक्टर ओरडत होता. प्रभाकरचा एक पाय पायरीवर होता. जाऊन पोरगा पाहिला, तर आपण त्याच्यात खोट काढणारच, हे त्याला ठाऊक होतं. पोरगा देवमाणूस असला तरी काढणार. मनात पाप असलेल्या माणसाने साक्षीला जाऊ नये. शिवाय ज्याच्या घरात विमल उद्या दिवा लावणार, त्याचं तोंड पाहायची त्याच्यात ताकद नव्हती. त्याने पाय खाली घेतला. गाडी गेली.

स्टँडमागे कडू गाडीवान कापसाची बोचकी बांधत होता. त्याची बैलगाडी इच्छापूरकडची.

"कडू, तुमच्याकडचा शालिग्राम पाटलाचा अरविंद कसा आहे रे?"

"कोन अरविंद?" कडूने दोर आवळला. "असंन बुवा. पाटलाची पोरं चांगलीच असतात."

"काही व्यसन?"

"माझ्या तरी पाहन्यात नाही."

"उंची?"

"बेताची असंन. मास्तर, जरा हे टोक धरता का?"

त्या संध्याकाळी प्रभाकरने आयुष्यातलं सर्वांत सुंदर इंग्रजी लिहिलं. मधे दोनदा शाई फुटली, म्हणून कागद बदलावा लागला.

बहादरपूरला प्रभाकरच्या समोरच विमलने तो कागद आईबापांना मराठीत करून वाचून दाखवला. "'विश्वसनीयरीत्या असे समजते, की मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी व मध्यम उंचीचा आहे. घराणे प्रतिष्ठित असल्याचे सर्वत्र बोलले जाते. या संबंधात मुलीचे कल्याण होईल, असे मानण्यास जागा आहे.'"

"उंचीबी?" गोदाबाई म्हणाली.

गिरधर पोरीकडे पाहत राहिला.

"कोणी पाहिलं त्याला, सर?" विमलने विचारलं.

"तसं समजतं."

"तुम्ही गेला होतात?"

"अशा गोष्टीत 'मी' येत नाही, विमल."

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "इंग्रजी फार छान आहे," असं म्हणून ती आत गेली. चहा गोदाबाईने आणला. तो तसाच गार झाला. परतताना प्रभाकर बराच रस्ता सायकल हातात धरून चालला.

मग दिवाळी गेली. तालुका मध्य प्रदेशातच राहिला. हे प्रभाकरने सगळ्यांनंतर लिहून पाठवलं. एका सकाळी गिरधर पाटील हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन दारात उभा राहिला.

प्रभाकरने ती वाचली. लग्न विमलचं होतं. नवरदेव रावेरचा होता.

"इच्छापूरचं जमलं नाही?"

गिरधर खाटेवर टेकला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"ती सगळी विमलचीच अक्कल होती, मास्तर. आमच्या घरात तुम्ही सगळ्यांनाच पसंत होते. पन पोरीच्या बापानं किती वेळा इशारा करावा? ती म्हने, सर एकदा इच्छापूरला जाऊन आले ना, की त्यांना समजंन, अन् मग रागानं का होईना, सरळ आपल्या दारात येतीन. तेव्हा तरी तोंड उघडतीन. रविवारी तिनं दारात रांगोळी घातली. दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसली होती."

"काय समजलं असतं?"

"की इच्छापुरात असा कोनी पोरगाच नाही, मास्तर."